ग्वाल्हेरच्या धुळीत स्टॅटिक ग्रास टिकवताना

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या प्रमाणात उभारलेल्या रेल्वेच्या देखाव्यावर, नुकतेच लावलेले स्टॅटिक ग्रास, म्हणजे विजेच्या भाराने उभे केलेले नायलॉनचे नकली गवत, कोणाचेही सुरेखच दिसते. त्याची खरी परीक्षा पहिला उन्हाळा आणि त्याच्या पाठोपाठ येणारा पावसाळा काढल्यावर होते, आणि ग्वाल्हेरात ही परीक्षा जरा जास्तच कठोर असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारच्या हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते, जूनमधली आँधी बंद खिडक्यांच्या फटींतून पिठासारखी बारीक पिवळी धूळ आत आणून टाकते, आणि ती धूळ झटकायच्या आतच हवा दमट होऊ लागते. परदेशी मासिकांत आणि व्हिडिओंत जी निगा सांगितलेली असते ती बहुधा थंड, दमट आणि कमी धुळीच्या प्रदेशासाठी असते. ती इथे जशीच्या तशी उचलली, तर दोन वर्षांत हिरव्या कुरणाची जागा एक राखाडी, चपटा, मळकट गालिचा घेतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद लेआउट आहे, आणि त्यावर ग्वाल्हेर–श्योपूर छोट्या लाइनचा एक तुकडा उभा करण्याचा माझा प्रयत्न अनेक वर्षे चालू आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर लाइट रेल्वे १८९९ मध्ये सुरू झाली, १९०९ मध्ये ती श्योपूरपर्यंत पोहोचली, आणि ६१० मि.मी. रुंदीच्या त्या रुळांवरची गाडी २०२० मध्ये थांबली. १:८७ या प्रमाणात ६१० मि.मी. म्हणजे बरोबर ७ मि.मी. होतात, परंतु मी बहुतेकांप्रमाणे सहज मिळणारा ९ मि.मी.चा रूळ वापरला आहे. सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ या पट्ट्यात त्या लाइनवरून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना आठवत असेल की रूळ जणू गवतातूनच जात असत आणि स्लीपरच्या टोकांपर्यंत वाळलेले गवत आलेले असे. त्यामुळे या लेआउटवर गवत हीच मुख्य गोष्ट आहे, आणि ते खराब झाले की सारेच बिघडते.

इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, गवताचे आयुष्य दोन वेळांना ठरते. एक, ते ज्या दिवशी लावले जाते तो दिवस. आणि दुसरी, दरवर्षी आर्द्रा नक्षत्र लागण्यापूर्वीचा आठवडा, म्हणजे जूनचा तिसरा आठवडा. त्या आठवड्यात कोरडी धूळ कोरडीच निघून गेली पाहिजे. तिला एकदा पावसाळी दमटपणा लागला की ती धूळ राहत नाही, तिचा लेप होतो.

तंतू वाकतो कशामुळे

स्टॅटिक ग्रास म्हणजे रंगवलेल्या नायलॉनचे ठरावीक लांबीचे तुकडे. ॲप्लिकेटर म्हणजे तंतू पेरणारे यंत्र; त्याची जाळी आणि त्याच्या तारेची क्लिप लावून ओल्या गोंदात टोचलेला खिळा यांच्यामध्ये मोठा विद्युतदाब निर्माण केला जातो; नॉखचे ग्रास-मास्टर किंवा वुडलँड सीनिक्सचे स्टॅटिक किंग यांसारखी यंत्रे याच तत्त्वावर चालतात, आणि चांगल्या यंत्रांत हा दाब १५ ते २० हजार व्होल्टच्या घरात असतो. भारित झालेला तंतू विद्युतक्षेत्राच्या रेषेत झेपावतो, टोकावर उभा असतानाच गोंदात रुततो आणि गोंद वाळेपर्यंत तसाच राहतो. तंतूंवर कारखान्यात एक लेप दिलेला असतो, त्यामुळे त्यांना विद्युतभार घेता येतो. मात्र तो लेप नीट काम करण्यासाठी हवेत थोडा ओलावा लागतो. कापडावर किंवा कागदावर याच रीतीने मखमल चढवणाऱ्या कारखान्यांत सुमारे ६० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपासचे तापमान राखतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील हवा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असते, म्हणून तेव्हा तंतू जाळीतून नीट सुटत नाहीत, एकमेकांना चिकटून गुंतवळासारखे पडतात, आणि जे पडतात ते तिरके पडतात.

नायलॉन पाणी शोषून घेते, हे मात्र फार कमी जणांच्या ध्यानात असते. नायलॉन ६ या जातीचा धागा मध्यम आर्द्रतेच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के, तर पूर्ण ओला झाल्यावर सुमारे नऊ टक्के पाणी धरतो, आणि जितके पाणी धरेल तितका तो मऊ व लवचीक होतो. म्हणजे श्रावण-भाद्रपदात तंतू स्वतःही मऊ पडलेला असतो आणि त्याच्या मुळाशी असलेला पांढरा गोंदही दमटपणाने किंचित सैल झालेला असतो. त्या वेळी तंतूच्या शेंड्यावर उन्हाळ्यात बसलेली धूळ असेल, तर तिच्या भाराने तो वाकतो, आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की वाकलेल्याच अवस्थेत पुन्हा कडक होतो. लोक म्हणतात, “गवत जुने झाले, बसले.” माझ्या पाहण्यात ते नुसते जुने होऊन कधी बसलेले नाही. त्यावर काहीतरी बसलेले असते, म्हणून ते बसते.

लावताना

मोसम निवडणे हे पहिले काम. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो, कारण पाऊस ओसरलेला असतो, हवेत थोडा ओलावा शिल्लक असतो आणि धूळ कमी असते. वसंत पंचमी ते होळी हा दुसरा मोसम. जानेवारीतील रात्री मात्र टाळाव्यात. पांढरा गोंद फार थंडीत वाळला तर त्याचा एकसंध पारदर्शक थर बनत नाही. तो खडूसारखा पांढरट आणि ठिसूळ होतो, आणि ग्वाल्हेरात त्या दिवसांत रात्रीचे तापमान ५–६ अंशांवर येणे नवे नाही. मे-जूनमध्ये लावण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर पहाटे काम करावे आणि शेजारच्या खोलीत कूलर तासभर चालवून मधले दार उघडे ठेवावे. साधा आर्द्रतामापक विकत घेऊन तो लेआउटजवळ टांगावा, आणि काटा ४५–५० टक्क्यांवर आल्याशिवाय डबा उघडू नये. कूलर त्याच खोलीत लावून लेआउटवर त्याचा झोत सोडणे चुकीचे आहे, कारण त्या झोतात ओलावा असतो तशीच धूळही असते.

जमिनीची तयारी हा भाग कंटाळवाणा असल्यामुळे बहुतेकजण त्याला हात लावून सोडून देतात, आणि मीही पहिल्या लेआउटच्या वेळी तेच केले. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या टेकडीवर सरळ गोंद लावून मी गवत पेरले. ते उत्तम उभे राहिले आणि सहा महिने तसेच दिसले. दिवाळीच्या साफसफाईत व्हॅक्यूमची नळी जवळ नेली, तर तळहाताएवढा तुकडा सालीसारखा सुटून नळीच्या तोंडाशी येऊन चिकटला. तो उलटा करून भिंगाखाली धरला. तंतू गोंदात घट्ट होते, एकही हलत नव्हता. पण गोंदाच्या पाठीला सर्वत्र पांढरी पूड लागलेली होती. कोरड्या प्लास्टरने गोंदातील पाणी क्षणात पिऊन टाकले होते, त्यामुळे गोंद आत मुरण्याऐवजी वरच्या भुकटीलाच धरून बसला होता. तेव्हापासून मी प्लास्टरवर आधी एक भाग पांढरा गोंद आणि तीन-चार भाग पाणी असे पातळ मिश्रण देतो, ते पूर्ण वाळू देतो, आणि मग मातीच्या रंगाचा ॲक्रिलिक रंग देतो. थर्मोकोलवर हाच क्रम ठेवावा. द्रावक असलेला स्प्रे त्यावर कधीही मारू नये, कारण थर्मोकोल विरघळते.

खाली रंगाऐवजी खरी माती हवी असेल, तर चंबळच्या बाजूची फिकट पिवळसर माती या दृश्याला फार शोभते. ती तव्यावर चांगली भाजावी, मैद्याच्या चाळणीतून काढावी आणि तिच्यावरून पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक दोन-तीनदा फिरवावे. चुंबकाला काळी पूड लागतेच. ती तशीच राहिली तर इंजिनाच्या मोटारीतील चुंबक तिला ओढून घेतो.

गोंद कोणता, यावर मतभेद आहेत. ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो तो पांढरा पीव्हीए गोंद सुरुवातीला पुरेसा असतो, पण वाळल्यावरही त्याला ओलावा लागला तर तो मऊ होतो. म्हणून पुढच्या कडेला, जिथे हात लागतो, आणि भिंतीलगत, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे मी पाणी सहन करणारा सुतारकामाचा गोंद किंवा मॅट ॲक्रिलिक मीडियम (रंगात मिसळण्याचे, वाळल्यावर न चमकणारे ॲक्रिलिक द्रव्य) वापरतो. गोंदात दहा टक्क्यांपर्यंत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालावा. थर बोटाच्या नखाइतका जाड असावा. त्याहून पातळ थरात तंतूचे मूळ रुतत नाही, आणि त्याहून जाड थरात तंतू उभा राहिल्यानंतर हळूहळू कलतो. आपल्या हवेत या थरावर तीन-चार मिनिटांतच साय धरते, म्हणून एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्यावी. साय धरलेल्या गोंदावर पेरलेले गवत दिसायला उभे असते, पण ते सायीवर उभे असते, गोंदात नव्हे, आणि पहिल्याच ब्रशला गळून जाते.

यंत्राबद्दल थोडेसे. डास मारण्याच्या बॅटला चहाची गाळणी जोडून केलेले घरगुती ॲप्लिकेटर आपल्याकडे पुष्कळजण वापरतात. त्याचा दाब काही हजार व्होल्टपर्यंतच जात असल्यामुळे २ मि.मी.चे तंतू त्याने बरे उभे राहतात, पण ४ आणि ६ मि.मी.चे निम्मे तिरके पडतात, आणि तिरके लागलेले गवत पुढे कितीही निगा राखली तरी लवकर बसते. ज्यांना दोन फुटांहून अधिक लांबीचा लेआउट करायचा आहे त्यांनी चांगल्या यंत्रावर खर्च करावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. यंत्र कोणतेही असो, रुळाला त्याची क्लिप लावू नये, इंजिने व डिकोडर (गाडीचे नियंत्रण करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक भाग) आधी काढून ठेवावेत, कंट्रोलरच्या तारा सोडवाव्यात, आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. बॅट बंद केल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये भार राहतो, याचाही विसर पडू देऊ नये.

लांबी ठरवताना प्रमाणाचा हिशेब डोळ्यांपुढे असावा. १:८७ मध्ये २ मि.मी. म्हणजे सुमारे १७ सें.मी., ४ मि.मी. म्हणजे सुमारे ३५ सें.मी., आणि १२ मि.मी. म्हणजे एक मीटरहून थोडे अधिक. टिकाऊपणाच्या दृष्टीने आखूड तंतू अधिक चांगले, कारण लांब तंतू स्वतःच्याच वजनाने झुकतो. मी खाली २ मि.मी.चा दाट थर देतो आणि तो वाळल्यावर अधूनमधून ४ आणि ६ मि.मी.चे विरळ पुंजके देतो. खालचा आखूड थर वरच्या लांब तंतूंना बुडाशी आधार देतो, त्यामुळे दोन्ही अधिक काळ उभे राहतात. नदीकाठच्या कांसासारखे माणसाहून उंच गवत स्टॅटिक ग्रासने करण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी तागाचे धागे उत्तम.

दुसऱ्या थराच्या वेळी पुष्कळजण केसांचा स्प्रे वापरतात. मी तो पूर्णपणे सोडला आहे. तो दमट हवेत चिकट होतो, आणि आपल्या धुळीत चिकट गवत म्हणजे माशांच्या दिवसांत उघडा ठेवलेला गूळ. त्याऐवजी मॅट ॲक्रिलिक वार्निशचा बारीक फवारा द्यावा, तंतू पेरावेत, आणि शेवटी पुन्हा तसाच हलका फवारा मारून मुळे बांधून घ्यावीत.

लावल्यानंतर किमान २४ तास, आणि हवा दमट असेल तर ४८ तास, त्याला हात लावू नये. मग व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला पायमोजाचे पातळ नायलॉनचे कापड रबरबँडने बांधावे आणि ती गवतापासून दोन-तीन सेंटिमीटरवरून फिरवावी. सुटे तंतू कापडावर जमतात. ते झटकून पुन्हा डब्यात भरता येतात. हे काम न टाळता करावे, कारण सुटा राहिलेला प्रत्येक तंतू पुढे इंजिनाच्या आसाभोवती गुंडाळला जातो किंवा गिअरमध्ये जातो, आणि तो तिथून चिमट्याने काढताना फार वेळ मोडतो.

आर्द्रेपूर्वीची झाडणी

दरवर्षी मृग लागले की मी माडीवर जाऊन खोलीतील दिवे बंद करतो आणि हातातली टॉर्च लेआउटच्या कडेला, जमिनीशी समांतर धरतो. ही युक्ती मला माझ्या पुतणीने नकळत शिकवली. खेळता खेळता तिने टॉर्च आडवी धरली आणि म्हणाली, “काका, इथलं गवत झोपलंय, तिथलं नाही झोपलेलं.” वरून पडणाऱ्या उजेडात जे एकसारखे हिरवे दिसत होते, त्यात आडव्या उजेडाने झुकलेल्या गवताचे पट्टे आणि शेंड्यांवर बसलेल्या धुळीचे पांढुरके टोक वेगवेगळे उठून दिसले. झाडणी कुठे हलकी करायची आणि कुठे जास्त, हे त्या पाहणीवरून ठरते.

झाडणीसाठी तोंडाला पावडर लावायचा मोठा, मऊ आणि नवा ब्रश घ्यावा. मध्ये इमारती, माणसे, विलायती बाभळीची झाडे असतील तर ती शक्य तितकी उचलून ठेवावीत. एका हातात कापड बांधलेली व्हॅक्यूमची नळी गवतापासून तीन-चार सेंटिमीटर वर धरावी, दुसऱ्या हाताने ब्रश मुळापासून शेंड्याकडे, खालून वर उचलल्यासारखा फिरवावा. ब्रशने उडवलेली धूळ खाली बसायच्या आत नळीने ओढून घ्यायची आहे. नुसत्या ब्रशने ती एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाते. गवत ज्या बाजूला झुकले असेल त्याच्या विरुद्ध दिशेने हात चालवावा. पंप किंवा कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह होतो, परंतु जोराच्या झोताने धूळ मुळांपाशी आत जाऊन बसते, जिथून ती पुन्हा काढता येत नाही. ओले फडके तर या काळात खोलीतही आणू नये.

आठ फुटांच्या लेआउटला मला दोन सकाळी पुरतात. बोगद्याचे तोंड, फलाटाची मागची कड आणि खिडकीकडील टोक या तीन जागा नेहमी वेळ खातात. पालीची लेंडी दिसली तर ती ओली असताना पुसू नये. पूर्ण वाळू द्यावी आणि चिमट्याने अलगद उचलावी, म्हणजे डाग पडत नाही.

उन्हाळ्यात लेआउट झाकावा की नाही, याचे उत्तर होय असेच आहे, पण कशाने झाकावा याला महत्त्व आहे. जुनी सुती चादर टाकू नये, कारण तिचा बारीक तूस गवतात अडकतो आणि ब्रशने निघत नाही. पातळ प्लास्टिकचा ताव सरळ गवतावर टाकला, तर त्याच्या वजनाने गवत दबते आणि त्याच्या घर्षणाने निर्माण झालेला विद्युतभार धूळ ओढून घेतो. चार कोपऱ्यांना काठ्या उभ्या करून त्यांवर मच्छरदाणीसारखा ताणलेला प्लास्टिकचा ताव, जो कुठेही गवताला टेकत नाही, हा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय. पहिला पाऊस पडला की मात्र हा ताव दिवसातून काही तास काढून ठेवावा, नाहीतर आत ओलावा कोंडतो आणि भिंतीकडच्या प्लायवुडला बुरशी येते. पावसाळ्यात गवतावर कोणतेही काम करू नये. पंखा मंद चालू ठेवावा, खोलीला हवा लागू द्यावी, आणि घटस्थापनेपर्यंत गवताकडे फक्त पाहावे.

ऊन, रूळ आणि कोपर

गवताचा रंग जातो तो उन्हाने. अतिनील किरणांनी रंग उडतो आणि नायलॉनही हळूहळू ठिसूळ होते. अशा गवतावर बोट फिरवले तर ते वाकण्याऐवजी मोडते, आणि त्याला कोणताही उपाय नाही. खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी, दुपारी पडदा ओढावा आणि लेआउटवर एलईडी दिवे ठेवावेत. नवे गवत लावतानाच त्याच मिश्रणाचा एक छोटा तुकडा पुठ्ठ्यावर लावून तो काळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवला, तर दोन वर्षांनी शेजारी धरून रंग किती उतरला हे कळते. डोळ्याला रोजचे बदल दिसत नाहीत, म्हणून हा पुठ्ठा मला फार उपयोगी पडला आहे. थोडासा उतरलेला रंग आपल्या दृश्यात वाईटही दिसत नाही, कारण सबलगढच्या बाजूला पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर गवत हिरवे असतेच कुठे? तरीही रंग कोणता असावा हे आपण ठरवावे, खिडकीने ठरवू नये.

रूळ पुसण्यासाठी आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. हेच अल्कोहोल पीव्हीए आणि ॲक्रिलिक यांना मऊ करते. म्हणूनच तर गिट्टी उखडायची असते तेव्हा आपण मुद्दाम ते ओततो. रुळाच्या कडेचे गवत सर्वांत आधी का झडते, याचे हे बहुतेक वेळा खरे कारण असते. कापड बाटलीतून भिजवून, पिळून, मगच रुळावर न्यावे, आणि रुळावर थेट थेंब कधीही टाकू नये. गवत लावतानाच रुळाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मि.मी. जागा मोकळी सोडली, तर तंतू चाकात येत नाहीत आणि कापडही त्यांना लागत नाही. छोट्या लाइनच्या दृश्यात ही मोकळी जागा खटकते, हे मला मान्य आहे. तिथे मी २ मि.मी.चे विरळ तंतू देतो आणि ते दरवर्षी बदलायचे असे धरूनच चालतो.

पुढच्या कडेला पाहुण्यांचे कोपर टेकते. त्यावर इलाज नाही. त्या पट्ट्यावर मी एकसंध गवत न लावता, मेणकागदावर वेगळे तयार केलेले छोटे पुंजके चिकटवतो, म्हणजे बिघडलेला पुंजका काढून नवा लावणे पाच मिनिटांचे काम राहते.

बसलेले गवत उठवणे

दसऱ्यानंतर पुन्हा टॉर्च आडवी धरून पाहावे. जिथे गवत थोडेच झुकले असेल, तिथे जुन्या पण मऊ टूथब्रशने ते उलट दिशेने विंचरावे, त्यावर पाण्याचा अगदी बारीक, धुक्यासारखा फवारा द्यावा, जवळ खिळा टोचून त्याला क्लिप लावावी आणि रिकाम्या ॲप्लिकेटरची जाळी दोन सेंटिमीटरवरून सावकाश फिरवावी. ओलाव्याने मऊ झालेले तंतू भार घेऊन वर उठतात, आणि हवा कोरडी होत असल्यामुळे तसेच वाळतात. सगळे उठत नाहीत. निम्मे उठले तरी दृश्य सावरते. ही युक्ती फक्त स्वच्छ गवतावर करावी. शेंड्यांवर धूळ असताना फवारा मारला, तर जो लेप आपण वर्षभर टाळला तो आपल्याच हाताने चढतो.

याने काम झाले नाही, तर बसलेल्या गवताला खालचा थर समजून त्यावर मॅट वार्निशचा फवारा द्यावा आणि २ किंवा ४ मि.मी.चे नवे तंतू विरळ पेरावेत. जुना, मळलेला थर खालच्या वाळक्या गवतासारखा दिसतो आणि नवे तंतू त्यातून फुटल्यासारखे वाटतात. पुष्कळदा हे पहिल्या दिवसाच्या एकसारख्या हिरव्या गवताहून जास्त खरे दिसते, असे मी अनुभवाने सांगतो.

टक्कल पडलेल्या जागी मात्र वरवर ठिगळ लावू नये. तिथला जुना गोंद कोमट पाण्याने भिजवून अर्धा तास ठेवावा, चाकूच्या पात्याने खरवडून काढावा, खालची जमीन पाहावी, प्लास्टर उघडे पडले असेल तर पातळ गोंद पुन्हा मुरवावा, आणि मगच नवे गवत लावावे. ठिगळाची कड सरळ रेषेत ठेवू नये. गोंद बोटाने कडेला तुटक तुटक थोपटला, तर जोड दिसत नाही.

यासाठी मूळ मिश्रण हाताशी असावे लागते. एकाच नावाच्या दोन पाकिटांत रंग किंचित वेगळा निघू शकतो, म्हणून गवत लावून झाले की उरलेले तंतू घट्ट झाकणाच्या लोणच्याच्या बरणीत भरावेत आणि बरणीवर कोणता रंग किती चमचे घेतला, तंतूची लांबी किती, जागा कोणती आणि महिना कोणता हे लिहून चिकटवावे. बरणी उन्हापासून दूर ठेवावी, आणि तिच्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकू नयेत, कारण पार सुकलेले तंतू पुढच्या वेळी जाळीतून उडत नाहीत. माझ्याकडे अशा सहा बरण्या आहेत. त्यांतील “जौरा, फलाटामागे, कार्तिक” असे लिहिलेली बरणी या वर्षी तळाला आली आहे, आणि घटस्थापनेपर्यंत तिचे मिश्रण नव्याने करून, पाकिटातल्या जुन्या पुठ्ठ्याशी ताडून ठेवायचे आहे.